एक सेंटिमीटरचा संशयित

बाबा स्वतःची ओळख अशी करून देत: "खासगी गुप्तहेर. चौतीस प्रकरणं निकालात, अपयश शून्य." त्यांतल्या एकतीस प्रकरणांत गुन्हेगार मांजर होतं आणि उरलेल्या तिन्हींत चष्मा कपाळावरच होता, ही पुरवणी आई जोडायची. त्याआधी छत्तीस वर्षं त्यांनी गोदामात खोकी मोजली होती. त्याला ते वेषांतर म्हणत.

त्या बुधवारी मुलगी ऑफिसातून धातूचा एक घन घेऊन आली. बोटाच्या पेराएवढा, लेसरने धातूची पूड थरावर थर वितळवून छापलेला. वितळलेला धातू थिजताना त्याच्या पोटात स्फटिकांचे कण कसे वाढतील, हे आधीच सांगणारा प्रोग्रॅम तिने दोन वर्षं खपून लिहिला होता. प्रोग्रॅम म्हणत होता: कण उभे, लांबट. आता प्रयोगशाळेत घन कापला की खरंखोटं होणार होतं. खोटं निघालं तर दोन वर्षं पाण्यात.

"गुन्हा काय?" बाबांनी भिंग काढलं.

"अजून झालेला नाही."

"म्हणजे पहिल्यांदाच वेळेवर पोचलो."

त्यांनी रुमालावर दाढीनंतरचं लोशन ओतलं आणि घन खसाखसा पुसला. "ठसे नीट दिसायला जागा आधी स्वच्छ लागते."

"बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही," फोनमधून मान वर न काढता ती म्हणाली.

"म्हणून तर मी निःपक्षपाती आहे."

गुरुवारी सकाळी दाढी करता करता बाबा गेले. भेटायला आलेला तिचा सहकारी जाताना घन प्रयोगशाळेसाठी घेऊन गेला.

तीन आठवड्यांनी अहवाल आला: कण गोल. "प्रोग्रॅम गुंडाळावा लागेल," साहेब हळुवारपणे म्हणाले. तिने संशयितांची यादी केली. पूड दमट होती. लेसर म्हातारा झाला होता. सहकाऱ्याने घन बदलला होता. तिसऱ्या संशयिताचा हेतू शोधताना तिच्या लक्षात आलं, की आपण अगदी बाबांसारख्या भुवया चढवल्या आहेत.

आई काकडी चिरत होती. "यांच्या रुमालावरचा निळा डाग तीनदा धुतला, जात नाही. शाई आणली कुठून यांनी?"

मुलगी उभीच राहिली. घनावर निळ्या पेनाने बाण काढलेला होता, वरची बाजू दाखवणारा.

"पुसला त्यांनी! मग घन सगळीकडून सारखाच. उभा कापायचा तो आडवा कापला. उभे कण आडवे कापले की गोलच दिसणार."

आईने एक चकती उचलून दाखवली. "अशी?"

"अशीच."

"एवढ्यासाठी इतके दिवस डोकं धरून बसलीस? मला विचारायचंस."

प्रयोगशाळेने उरलेला तुकडा दुसऱ्या दिशेने कापला. कण उभे, लांबट.

तो तुकडा तिने घरी आणला आणि बाबांच्या टेबलावर भिंगाशेजारी ठेवला.

"प्रकरण पस्तिसावं. गुन्हेगार सापडला, बाबा. तुम्हीच."

तिने त्यांची रिकामी खुर्ची जरा पुढे ओढली, टेबलाला नीट लावली.

"आणि एक. ऑफिसातल्या वस्तू घरी आणायची परवानगी नसते. तरी मी आणायची. तुम्ही 'गुन्हा काय?' विचारावंत म्हणून."