न्याहारीपुरतं गंध

"राती खोल्यांत तीन माणसं निजली व्हती," कौसल्या पातेल्याचा तळ खरवडत म्हणाली, "आन् न्याहारीला पंगत बसली वऱ्हाडाएवढी! ही माणसं रातीत उगवली का काय?"

तिचे यजमान मोहनराव खिडकीत उभे राहून बाहेरचं धुकं बघत होते. थंडीच्या दिवसांत इंदापुरावर असं धुकं उतरलं की त्यांना कुणाचं काही ऐकू येत नसे. "कौसल्या," ते हळूच म्हणाले, "ह्या धुक्यात आपलं हाटेल दुमजली वाटतंय गं."

"वरच्या मजल्यावरची माणसं बी फुकटच जेवत असतील," कौसल्या म्हणाली आणि पातेलं दाणकन खाली ठेवलं.

गोष्ट अशी होती की मोहनराव एकदा पुण्याला एका हॉटेलात उतरले होते. सकाळी त्यांच्यापुढे शिरा, उपीट आणि चहा आला. पैसे द्यायला लागले तर वेटर म्हणाला, "मुक्कामाच्या पाहुण्यांना न्याहारी खोलीच्या भाड्यातच असते." त्या वाक्यानं मोहनराव विरघळले. पणदऱ्याची उसाची जमीन थोरल्या भावाच्या, आबासाहेबांच्या, हवाली करून त्यांनी इंदापुरात मोटारस्टँडासमोर 'अरुणोदय' हॉटेल काढलं, न्याहारी भाड्यातच ठेवून. आबासाहेबांनी एकच बजावलं होतं, "एक साल देतो. न्हाय चाललं तर गुमान सरीत येऊन उभं ऱ्हायचं." मोहनरावांना उसाच्या सरीचं भय वाटे. तिथे पाचट अंगाला कापतं आणि स्वप्नं म्हणून पडत नाहीत.

पण सोलापूरची मोटार सकाळी नेमकी 'अरुणोदय'समोर थांबे. उतारू चूळ भरायला खाली उतरत, उपिटाचा वास येई, आणि रात्री इथेच घोरत पडलो होतो असा चेहरा करून ते सरळ पंगतीला बसत. आता पाहुणा कोण आणि मोटारीतला कोण, हे ओळखायचं कसं? "कुठल्या खोलीतले तुम्ही?" असं विचारणं मोहनरावांच्या जिवावर येई. खाणाऱ्याला कुठलं गाव, कुठली खोली विचारायची नसते, अशी त्यांच्या आईची शिकवण होती.

आणि मग एका पहाटे त्यांना स्वप्न पडलं. भीमेच्या पाण्यावर धुकं आहे, त्या धुक्यातून माणसं एकामागून एक वर येताहेत, आणि प्रत्येकाच्या कपाळावर केशरी गंधाचं बोट चमकतंय. मोहनराव ताडकन उठून बसले.

"कौसल्या, गंध!"

"काय जळालं?" ती घाबरून म्हणाली.

"काय जळालं न्हाय! कपाळाला लावायचं गंध! मुक्कामाचा पाहुणा आंघोळ करून देवापुढं आला की आपण त्याला गंध लावायचं. गंध असंल त्यो आत, नसंल त्यो भाईर. कुणाला कायबी इचारायला नको."

"त्यापरीस न्याहारीचं पैसं घ्यावं की," कौसल्या म्हणाली. पण मोहनराव तोवर सहाणेवर केशर घालून चंदन उगाळायला बसले होते, आणि चंदनाच्या वासात तिचं बोलणं विरून गेलं.

दारावर राखण करायला कन्हेरीहून म्हस्कूला आणलं. म्हस्कूनं जन्मभर लोकांची पिकं राखली होती. त्याला एकदा काम सांगितलं की ते दुसऱ्यांदा सांगायची सोय नव्हती, आणि मागे घ्यायची तर त्याहून नव्हती. न्याहारीच्या खोलीच्या दारात तो काठी आडवी धरून बसला. दोन-चार दिवस सगळं अगदी स्वप्नातल्यासारखं चाललं. बागवान गल्लीत अत्तर विकायला आलेले एक मियाँ मुक्कामाला होते, त्यांना कपाळाऐवजी मनगटावर गंध लावलं. त्यांनी ते हुंगून "चंदन अस्सल हाय" अशी पावतीही दिली.

अडचण झाली ती बनाबाईमुळे. शेजारच्या मारुतीच्या देवळापुढे ती हार विकायची. मोटारीतले उतारू उपिटाच्या वासानं कासावीस होऊन म्हस्कूपुढून परत फिरताना तिनं पाहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून मारुतीला हार घालणाऱ्याला ती स्वतःच्या हातानं गंध लावू लागली. केशरी, उभं, एक बोट. मारुतीच्या गळ्यात हार मावेनात आणि न्याहारीच्या खोलीत माणसं मावेनात.

नेमका त्याच वेळी पणदऱ्याहून निरोप आला. गुरुवारी सकाळच्या बारामतीच्या मोटारीनं आबासाहेब येतायत, हॉटेल बघायला. आणि जमलं तर बिऱ्हाड बांधून न्यायला.

गुरुवारी मोहनराव हार घेऊन बारामतीच्या रस्त्याला जाऊन उभे राहिले. धुकं दाट होतं. मैलाच्या दगडावर जरा टेकले, तर समोर दुमजली 'अरुणोदय' दिसू लागला. खिडकीखिडकीत पाहुणे, आणि सज्जात आबासाहेब हसताहेत. आबासाहेब जागेपणी हसत नसत, म्हणून मोहनराव ते दृश्य सोडायला तयार होईनात. धुरळ्यानं ठसका लागून ते जागे झाले तेव्हा मोटार त्यांना ओलांडून पुढे गेली होती. हार हातात घेऊन ते धावत सुटले.

इकडे आबासाहेब हॉटेलात शिरले होते. न्याहारीच्या दाराशी काठी आडवी झाली.

"गंध?" म्हस्कू म्हणाला.

"कसलं गंध? मी मालकाचा थोरला भाऊ हाय!"

"आसाल. सकाळधरनं मालकाचा एक चुलता आन् दोन मेव्हणं येऊन गेल्यात."

शेजारी एक मास्तर रडकुंडीला येऊन उभे होते. कचेरीच्या कामासाठी ते तीन दिवस मुक्कामाला होते. बिचाऱ्यांनी गंध लावून घेतलं आणि मग तोंड धुतलं. "अरे बाबा, तू मला रोज बघतोस! मी कोपऱ्यातल्या खोलीत आहे!"

"म्या खोली बगत न्हाय," म्हस्कू म्हणाला, "कपाळ बगतो."

मोहनराव धापा टाकत पोचले तेव्हा हॉटेलापुढे जत्रा लोटली होती. आणि देवळापाशी बघतात तो काय! पणदऱ्यात ज्यांच्यापुढे चारचौघं वाकत, ते आबासाहेब पटका काखेत धरून, उघड्या डोक्यानं बनाबाईपुढे वाकले होते.

"हलू नगासा," बनाबाई त्यांना दटावत होती. "वाकडं लागलं तर त्यो आत घेत न्हाय."

"आबा!" मोहनराव ओरडले. पण आबासाहेब गर्दीबरोबर आत ओढले गेले. मोहनराव मागून घुसायला गेले तर लोक खवळले. "ओ, मागनं या! आमी काय येडं म्हणून हुबं हाय?" शेवटी स्वतःच्याच हॉटेलात ते मागच्या मोरीतून शिरले. कौसल्या तिसऱ्यांदा उपीट टाकत होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं, हारही बघितला, आणि उलथनं आणखी जोरात फिरवलं. त्याचीच मोहनरावांना जास्त भीती वाटली.

आबासाहेब पंगतीत मांडी घालून बसले होते. पुढची ताटली चाटूनपुसून लख्ख होती, आणि ते खरोखरच हसत होते.

"मोहन्या," ते म्हणाले, "मला वाटलं तू हितं माश्या मारत बसला असशील. आरं, माणसं दारात मारामाऱ्या करत्यात की तुझ्या न्याहारीसाठी! मी उगंच बिऱ्हाड न्यायला आलो."

मोहनरावांनी तिथेच गप्प बसायला हवं होतं. दुमजली हॉटेल अगदी हाताशी आलं होतं. पण त्यांनी आबासाहेबांच्या त्या हसऱ्या तोंडाकडे बघितलं. ह्या माणसाशी ते कधीच खोटं बोलले नव्हते.

"आबा," ते खाली मान घालून म्हणाले, "ह्यातली मुक्कामाची तीनच. बाकी समदी फुकट खात्यात."

आबासाहेबांनी कपाळाला हात लावला, बोटावर आलेलं केशरी गंध पाहिलं.

"मंजी मी बी फुकट्यातच."

कुणीतरी फिसकन हसलं. आबासाहेबांनी ताटली बाजूला सारली. मग त्यांनी आतल्या दाराकडे बघून हाक मारली, "कौसल्या, आगं, ह्या लोकांकडनं पैसं का घेत न्हाईसा?"

कौसल्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मी पयल्या दिवसापासनं सांगतीया, आबा. पर ह्यास्नी सपान पडल्यालं."

"उद्यापासनं मुक्कामाच्याला फुकट, मोटारीतल्याला इकत," आबासाहेब उठत म्हणाले. "हाटेल तुझं ऱ्हाऊ दे, मोहन्या. मी नेतो त्यो हा दारावरला. उसाच्या राखणीला असाच माणूस पायजे. सख्ख्या भावाच्या दारात मला आडवलं ह्यानं! काय रं, येतोस का पणदऱ्याला?"

"मालक म्हनलं तर येतो," म्हस्कू म्हणाला.

"चल मग. न्याहारी केलीस का?"

"न्हाय जी."

"आज उशीर झाला का?"

"रोजच न्हाय," म्हस्कू सरळ म्हणाला. "मला गंध कुठं हाय?"

मोहनरावांना आपलीच लाज वाटली. इतके दिवस उपिटाच्या वासात तो माणूस उपाशी बसला होता, आणि आपण धुक्यात मजले मोजत होतो! तोवर कौसल्या सहाण घेऊन बाहेर आली. तिनं म्हस्कूच्या कपाळावर गंधाचं बोट ओढलं आणि म्हणाली, "जा, बस आता."

म्हस्कू हलेना. "आन् दारावर कोन?"

मोहनरावांनी हातातला हार खिळ्याला अडकवला, म्हस्कूच्या हातून काठी घेतली आणि दारात जाऊन उभे राहिले. म्हस्कू बाहेर गेला, वळला, मोहनरावांपुढे येऊन त्यानं मान वर करून कपाळ नीट दाखवलं. मोहनरावांनी काठी बाजूला घेतली, तेव्हा कुठे तो आत आला.