नम्रताबाईंनी तांबडा दिवा हिरवा केला, त्याची हकीकत

गणरायास वंदन करून, कडावच्या ग्रामदेवतेचा कौल घेऊन आणि ज्या परोपकारी मंडळींनी आपली विद्या दामाविना वाटली त्यांस मुजरा करून हकीकत रुजू करतो ती ऐसी जे, कर्जत तालुकियात मौजे कडाव येथे भात झोडून जाहले, पेंढा वाहणे चालू जाहले, ऐशा निवांत समयी एक भारी मोहीम उपस्थित जाहली. तिची खबर वर्तमानपत्रांनी घेतली नाही, कोणा शाहिराने डफावर थाप मारिली नाही, म्हणून लिहिणे प्राप्त. ऐकणाराने खुशाल हसावे, परंतु मध्येच उठून जाऊ नये.

कडावी नम्रताबाई नामे शिवणकामात निष्णात. ब्लाउजाचा गळा कापण्यात त्यांचा हात धरील ऐसा शिंपी नेरळापासून खोपोलीपावेतो नव्हता. मातोश्री सुंदराबाई मोरीत घसरल्या आणि पाय प्लास्टरात बंदिस्त जाहला, परंतु जिव्हा मोकळी, सबब घरचा सर्व कारभार खाटेवरून हुकुमाने चाले. धाकटे बंधू स्वप्नीलराव चाकरीनिमित्त जर्मनी मुलखी तैनात, आणि तेथे त्यांस कन्यारत्न जाहले. आता बारशाचा दंडक सर्वांस ठावकाच आहे: मुलीचे नाव आत्याने कानात सांगावे, आणि ती सांगे तोवर ते कोणास कळो नये. नम्रताबाईंनी नाव योजून पोटात ठेविले होते, मातोश्रींसही सांगितले नव्हते. अडचण इतुकीच जे, आत्या कडावी आणि कान जर्मनीत.

मग सुंदराबाईंचे फर्मान सुटले की रविवारी चार वाजता येथेही पाळणा टांगावा, घुगऱ्या शिजवाव्या, आळीतील बायकांस आवतण द्यावे, आणि आत्याने लॅपटॉपातून कानात बोलावे. चार बायकांदेखत नाव ठेविले नाही तर ते नावच नव्हे. तजवीज उत्तम जाहली. गूळ आला, हरभरे निवडले, पाळण्यास झिरमिळ्या लागल्या, आणि शुक्रवारी सकाळी राउटर नामे डबीवरचा हिरवा दिवा जाऊन तांबडा लागला. इंटरनेट ठार बंद. मोबाइलवर चित्र पाठवावे म्हणावे तर कडावच्या त्या आळीत रेंजची मारामार. माळ्याच्या एका कोपऱ्यात शिडी चढून उभे राहावे तेव्हा एक दांडी मिळे, तीतून बोलणे आणि चार ओळींचा निरोप जाई, चित्र जात नसे; आणि आळीतील बायका काही बारशास शिडी चढून माळ्यावर येणाऱ्या नव्हत्या. म्हणजे आली का पंचाईत!

नम्रताबाई पदर खोचून माळ्यावर चढल्या आणि केबलवाल्या कंपनीचे कस्टमर केअर दरबारी फोन लाविला. त्या दरबारची रीत ऐसी जे, प्रथम यंत्र बोले, मराठीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी तीन दाबा, मग सनई-सतार मिसळून ऐसे संगीत लागे की लग्नघरी बसलो की कैदेत हे उमजू नये. पुष्कळ काळाने एक कारकून बोलता जाहला. नम्रताबाईंनी अर्ज केला की दिवा तांबडा आहे, माणूस धाडावा. कारकुनाने हुकूम दिला की प्रथम संगणकावरील स्टार्ट बटण दाबावे, मग खिडकीत अमुक पाहावे, त्याविना तक्रार लिहिता येत नाही.

येथे खुलासा करणे अवश्य. विंडोज नामे पातशाही घरोघर अंमल बसवून आहे, आणि कस्टमर केअरच्या कारकुनास तीच एक पढविलेली असते. तीस न जुमानता लिनक्स नामे दुसरे राज्य आहे, त्यास मालक नाही, सारा नाही, ज्याने त्याने चालवावे आणि शेजाऱ्यास शिकवावे. नम्रताबाईंचा लॅपटॉप विंडोजखाली धापा टाकीत असे, तेव्हा त्यांचे शाळासोबती कर्जतचे प्रबुद्धराव, संगणकाच्या शिकवणीचे गुरुजी, यांनी त्यात लिनक्स घालून त्यास पुन्हा धावता केले. बाईंनी हे कारकुनास सांगितले मात्र, त्याने ऐसा सूर लाविला की जणू बाईंनी घरात वाघ पाळिला आहे. "मॅडम, लिनक्सला आमचा सपोर्ट नाही," इतुके बोलून त्याने रजा घेतली. सपोर्ट लॅपटॉपास नको, तारेस हवा, हे त्यास कोण सांगे!

मग नम्रताबाईंनी कर्जत-खालापूर लिनक्स मंडळीचे ग्रुपवर कुमक मागितली. हा ग्रुप म्हणजे एकाहून एक वीर. प्रबुद्धराव तेथे सरनोबत. दुसरे साजगावचे किशोरराव, कारखान्यात पाळी करून उरला वेळ परक्याचे बिघाड सोडविण्यात घालवीत, ज्याबद्दल घरी बोलणी खात. तिसऱ्या नेरळच्या सोनालीबाई, यांजकडे ऑफिसने दिलेला विंडोजचा लॅपटॉप असे, म्हणून मंडळी त्यांस फितूर म्हणून चिडवीत. अर्ज पोचताच मंडळी धावून आली, परंतु या पंथाचा एक जुना रोग आहे: कोणी पाणी मागितले की विहीर कोणती चांगली यावर वाद. प्रबुद्धरावांनी लिहिले की लॅपटॉपात लिनक्सची मिंट नामे शाखा आहे म्हणून बरे, किशोररावांनी लिहिले की डेबियन नामे शाखा असती तर ही वेळच न येती, आणि दोघे ऐसे भिडले की दुपार जाहली. शेवटी नम्रताबाईंनी माळ्यावरून निरोप टाकिला, "आरं, तुमची भांडणं मागनं करा. माझ्या भाचीचं बारसं हाय!" तेव्हा दोघे खजील जाहले आणि कामास लागले.

मंडळींनी एकेक आज्ञा लिहून धाडावी, बाईंनी ती माळ्यावर वाचावी, शिडी उतरून लॅपटॉपावर टंकावी, उत्तर पाठ करून पुन्हा शिडी चढावी, ऐसे उतरणे-चढणे ऐन भरात चालले. सुंदराबाई खाटेवरून म्हणाल्या, "आगं, माज्यासारकी पडशील, मग दोगी बसू प्लास्टर घालून." शेवटी निर्णय लागला की लॅपटॉपाची हाक डबीपावेतो जाते आणि जाब येतो, डबीपलीकडे हाक दिली तर सामसूम. अर्थात लॅपटॉप निर्दोष, लिनक्स निर्दोष, दोष घराबाहेर तारेत. मंडळींस परम संतोष जाहला. नम्रताबाईंस संतोष कसला, दिवा तांबडाच होता.

आता कस्टमर केअर तर विंडोजविना ऐकेना. तेव्हा किशोररावांनी मसलत दिली की शत्रूस हवे ते सोंग दाखवावे: सोनालीबाईंनी नेरळास आपला विंडोज उघडून बसावे, फोन तिघांत जोडावा, नम्रताबाईंनी नाव-गाव सांगून ओळख पटवावी, आणि मग कारकून जे जे पुसेल त्याचा जाब सोनालीबाईंनी समोर पाहून द्यावा. शनिवारी तैसेच केले. कारकून म्हणे स्टार्ट दाबा, सोनालीबाई म्हणत दाबिले. तो म्हणे खिडकी उघडा, त्या म्हणत उघडिली. ऐसी सोंगाची लढाई बेमालूम चालली आणि सोनालीबाईंची खबर येताच प्रबुद्धराव ग्रुपवर वाहवा लिहिते जाहले. इतक्यात कारकुनाने दया येऊन फर्माविले की आता मीच आपल्या संगणकात येऊन पाहतो. सोनालीबाई विजयाच्या भरात होत्या, त्यांनी वेशीचे दार उघडून त्यास आत घेतले. तो आत शिरला, त्याने इंटरनेटचा वेग मोजिला, आणि वेग पाहून थक्क जाहला, कारण ते नेरळचे इंटरनेट होते आणि घोड्यासारखे दौडत होते! त्याने अभिनंदन करून कळविले की आपले कनेक्शन उत्तम चालू आहे, सबब तक्रार निकाली काढिली आहे, आणखी काही सेवा?

एवढे विद्वान एकत्र, आणि एकासही हे आधी सुचले नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो यासाठी. सोनालीबाईंनी क्षमा मागितली, किशोररावांनी मसलत आपली होती हे कबूल केले, आणि प्रबुद्धरावांनी वाहवा पुसून टाकिली.

संध्याकाळी माळ्यावर स्वप्नीलरावांचा निरोप आला. लिहिले होते की ताई, वाईट वाटून घेऊ नकोस, उद्या लाईन नाही आली तर येथील एक मैत्रीण आत्या म्हणून उभी राहील, तिला नाव लिहून धाड. म्हणजे तोतया आत्या! राज्यांत तोतये निघालेले ऐकिले होते, बारशात तोतया निघावा हे प्रथमच. नम्रताबाई शिडीच्या पायरीवर बसून रडल्या. लग्न त्यांनी केले नव्हते, भावाचे शिक्षण शिलाईच्या यंत्रावर ओढिले होते, आणि त्या लेकराच्या कानात पहिले बोलावे याहून त्यांनी त्या घरापाशी काही मागितले नव्हते. सुंदराबाईंनी खाटेवरून हाक मारून लेकीस जवळ बसविले. मग इतुकेच म्हणाल्या, "नाव लिवून धाडू नको, बाय. कानात सांगायचं ते कानातच सांग."

रविवारी सकाळी नम्रताबाईंनी कोणाची मसलत न घेता एकटीने स्वारी केली. एक दाबिले, तीन दाबिले, संगीत सोसले, आणि या वेळी दीक्षा नामे कारकुनीण बोलली. तिने रीतीप्रमाणे स्टार्ट बटणाचे नाव काढिले मात्र, बाई म्हणाल्या, "ताई, खोटं नाय बोलत. माज्याकडं ते बटण नायच. काल आमी नेरळचा कॉम्प्युटर माजा म्हणून दावला, ती चूक झाली. दिवा तांबडा हाय. आज चारला भाचीचं नाव ठेवायचं हाय, आन मी आत्या हाय. दुसरं मला कायपण येत नाय सांगायला."

मग दीक्षाबाईंनी हलक्या आवाजात पुसिले की दिवा तांबडा आहे ना, नक्की तांबडाच? होय. मग त्या म्हणाल्या, "माझ्या भाच्याचं नाव ठेवलं तेव्हा मला सुट्टी नव्हती. मी इथेच कॉलवर बसले होते." आणि त्या बाईंनी आपल्या हाताने सर्व रकाने भरिले: स्टार्ट बटण दाबिले, खिडकी उघडिली, यंत्र बंद करून चालू केले, सर्व काही ग्राहकाने केले ऐसे लिहून तक्रार दाखल केली आणि वर तातडीचा शिक्का मारिला. जे सोंग मंडळींस पेलले नाही ते कंपनीच्याच लेकीने लीलया पार पाडिले. जाता जाता तिने पुसिले की नाव काय ठेवणार. नम्रताबाई म्हणाल्या, "ते नाय सांगायचं." दोघी हसल्या.

दुपार कलता कंपनीचे सहदेवराव लाईनमन मोटारसायकलीवरून पावते जाहले, रविवारी उठविले म्हणून तोंड आंबट. खांबाखाली जाऊन वर पाहिले आणि क्षणात निदान केले: पेंढ्याने वर मापाबाहेर भरलेला टेंपो खालून गेला, त्याने तार ओढिली आणि तोडिली, पेंढ्याच्या काड्या अजून लोंबत होत्या. सहदेवरावांनी शिडी लाविली, तार जोडिली, आणि खाली उतरून म्हणाले, "जा वैनी, बगा दिवा." बाई धावल्या. दिवा लुकलुकला, थबकला, आणि हिरवा जाहला! नम्रताबाईंनी ऐसी आरोळी ठोकिली की आळीतील म्हैस दावे तोडू पाहे.

मग चार वाजता लॅपटॉप पाळण्यापाशी पाटावर मांडिला. मंडळींनी आग्रह धरिला की आवाज नीट जातो की नाही हे तपासण्यास आम्हांस कॉलवर घ्यावे, आणि तपासणी संपली तरी एकही हलला नाही. प्रबुद्धराव, सोनालीबाई आणि किशोरराव आपापल्या चौकटीत न्हाऊन-धुऊन बसले होते, किशोररावांनी तर टोपी घातली होती. स्वप्नीलरावांनी लेक कॅमेऱ्यासमोर मांडीवर घेतली आणि आवाजापुरता फोन तिच्या कानाशी धरिला. आळीतील बायका नम्रताबाईंच्या पाठीमागे दाटून उभ्या राहिल्या. नम्रताबाई लॅपटॉपाशी वाकल्या, आणि बोलायचे सोडून पदराने डोळे पुसू लागल्या, तो सुंदराबाई खाटेवरून गर्जल्या, "आगं बोल की! परत लाईन जाईल!"

तेव्हा नम्रताबाईंनी ओठ लॅपटॉपास लावून म्हटले, "कुर्रर्र... उर्वी." आणि सात समुद्रापलीकडे ते लेकरू आवाजाच्या बाजूस मान वळवून डोळे मोठे करिते जाहले, हे सर्वांनी देखिले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली ती येथे नोंदून ठेवितो. तोतयाचे बंड मोडले, तार जोडली गेली, घुगऱ्या वाटल्या, सहदेवरावांनी दोनदा घेतल्या. शस्त्र कोठे चालले नाही, रक्त सांडले नाही; परंतु आत्याने नाव सांगताच तिच्या पाठीत धपाटे घालावे हा आपला जुना दंडक, त्याप्रमाणे आळीतील यच्चयावत बायकांनी हात सैल सोडिले, ग्रुपवरची मंडळी "आमच्या वाटचा पण घाला" म्हणून ओरडली, आणि त्यांच्या वाटचेही पडले. जखमींत एकट्या नम्रताबाई. त्या धपाटे खात होत्या, रडत होत्या, हसत होत्या, आणि पाठ काही बाजूस घेत नव्हत्या.