मौद्याला बंद पडलेले नऊ ट्रक

धम्मदीप मेश्रामचा इंटरव्ह्यू असा झाला, की खोलीबाहेर पाऊल टाकताना त्यानं मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटली. हिंगण्यातली बिस्किटांची कंपनी, डिस्पॅच सुपरवायझरची एकच जागा, दहा उमेदवार आणि त्यात याचा नंबर पहिला. गेल्याच महिन्यात वडील रुपराव रिटायर झाले होते. घरात आता पगार यायचा तर तो धम्मदीपचाच. सकाळी निघताना आई, इंदूबाई, दारापर्यंत आली होती. "नोकरी घेऊनच ये बाप्पा. आता तुह्याच भरोशावर आहे सारं."

आत मॅनेजर मधुकररावांनी विचारलं होतं, "कामात सर्वांत मोठी अडचण कोणती आली, अन् तुम्ही काय केलं?" धम्मदीप आधी कळमन्याला फळांच्या अडत्याकडे कामाला होता. एकदा भंडाऱ्याला निघालेला संत्र्यांचा छोटा ट्रक मौद्याजवळ बंद पडला. वर एप्रिलचं ऊन. तेवढ्यात मागून वरातीची बस आली. यानं हात जोडून ती थांबवली, संत्री सीटवर चढवली, वऱ्हाडी टपावर बसवले आणि माल वेळेत पोचवला. नवरदेवसुद्धा टपावरच होता. आणि ही गोष्ट, तुम्ही माना अगर मानू नका, शंभर टक्के खरी होती. मधुकररावांनी चष्मा काढून पुसला. "वा! बसा बाहेर. चार वाजता निकाल सांगतो. कोणी जायचं नाही."

तिथंच घात झाला. बाहेर नऊ जण आपापल्या नंबरची वाट पाहत बसलेले. नागपूरच्या माणसाला कुणी पत्ता विचारला तर तो नुसता हात दाखवत नाही, घरापर्यंत सोडून येतो, चहा पिऊनच परत फिरतो. शेजारच्या गोलूनं हळूच विचारलं, "काय इचारून राहिले गा, भाऊ?"

"अडचण इचारून राहिले."

"मले तं आजवर अडचणच नाई आली! कामच नाई केलं, तं अडचण कुठून येईन?"

गोलूचा चेहरा इतका उतरला, की धम्मदीपला राहवलं नाही. त्यानं ट्रक, ऊन, बस, नवरदेव, सगळं हातवाऱ्यांसकट सांगून टाकलं. बाकीच्यांनी खुर्च्या जवळ ओढल्या.

गोलू आत गेला आणि कांदे घेऊन मौद्याला बंद पडला. विक्कीचा ट्रक दुधाचा निघाला. पायलच्या ट्रकमध्ये औषधं होती. तिनं नवरीलाच टपावर बसवून मांडीवर इंजेक्शनांची पेटी दिली. जो तो बाहेर आला की धम्मदीपचा हात दाबायचा, "भाऊ, एकदम फिट बसली तुमची गोष्ट!" आणि ज्याचा नंबर पुढे, तो म्हणायचा, "मले अजून एकदा सांगा ना." धम्मदीप सांगायचा. नवव्या उमेदवारापर्यंत त्या वरातीत बँडवाले आले, घोडी आली, आणि घोडीही टपावर चढली.

शेवटी उरली काजल. गोष्ट आठ वेळा ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "दादा, एक विचारू? तो ट्रक बंद काहून पडला?"

"रेडिएटरमंदी पाणी नव्हतं."

"निघाच्या आंदी पाह्यलं नाई?"

"त्यात काय पाहाचं वं! गाडी आहे, पडते बंद."

काजलचा नंबर आला, ती आत गेली.

चार वाजता मधुकरराव बाहेर आले. "दहापैकी नऊ जणांचे ट्रक मौद्यालाच बंद पडले. त्या गावाले नजर लागली का काय? एकटी काजल म्हणाली, 'सर, माझी गाडी बंद पडणार नाही. मी निघायच्या आधीच पाणी पाहीन.' जागा तिची."

"पण साहेब, माझी गोष्ट खरी होती!"

"असं सारेच म्हणाले. अन् खरं सांगू? तुमच्यापेक्षा पाचव्यानं मस्त सांगितली. तो तर रडलाही."

घरी इंदूबाईनं सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "पुढच्या टायमाले बाहेर आला का चूप बसजो. एक अक्षर बोलला, तं माह्याशी गाठ आहे!"

पुढच्या गुरुवारी बुटीबोरीच्या एका रंगाच्या कंपनीत बोलावणं आलं. प्रमोदिनी मॅडमनी तोच प्रश्न विचारला. धम्मदीपनं तोंड उघडलं, "मॅडम, एकदा आमचा ट्रक..."

"मौद्याजवळ?" मॅडमनी पेन खाली ठेवलं. "या आठवड्यात तिथं बंद पडलेला तुमचा चौथा ट्रक."

आता काय करावं? त्यानं हिंगण्याला झालेली फजितीच पहिल्यापासून सांगितली. घोडी टपावर चढली तेव्हा मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मला असाच बोलका माणूस पाहिजे! ड्रायव्हर, हमाल, दुकानदार, दिवसभर बोलावं लागतं इथं. बसा बाहेर, तुमचं लेटर घेऊनच येते."

बाहेर सहा माना एकदम वळल्या. "काय इचारून राहिले, भाऊ?"

धम्मदीपची जीभ वळवळू लागली. तो स्वतःला पुरता ओळखून होता. आणखी एकदा कुणी विचारलं, की संपलं. शेजारी कवडू नावाचा उमेदवार खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, ताजी पुडी तळहातावर घोटत बसला होता. जन्मात साधी सुपारी न खाल्लेल्या धम्मदीपनं ती पुडी उचलली आणि अख्खीच्या अख्खी तोंडात रिकामी केली.

"अबे, पूर्णच खाल्ला का बे?" कवडू धम्मदीपच्या हातातल्या रिकाम्या प्लास्टिकच्या पन्नीकडे पाहत राहिला.

धम्मदीपनं फक्त मान हलवली. आणखी दोघांनी विचारलं, त्यांनाही मान हलवली. गाल फुगले होते, कान गरम झाले होते, पण गडी जिंकला होता.

दार उघडलं. मॅडम लेटर घेऊन स्वतः आल्या. "अभिनंदन! फक्त एवढंच सांगा, उद्यापासून येता ना?"

तोंडातलं पाणी एव्हाना दातांपर्यंत चढलं होतं. समोरच्या भिंतीवर पाटी होती : 'तंबाखू, खर्रा खाणाऱ्यास गेटबाहेर काढण्यात येईल.' थुंकावं तर पाटी, गिळावं तर जीव, मान हलवावी तर ओठांतून ओघळ, आणि तोंड उघडावं तर मॅडमची पांढरी साडी. त्यानं दोन्ही हात हलवले.

"उद्या नाही? मग सोमवारपासून?"

धम्मदीपच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"कमाल आहे!" मॅडमनी लेटरची घडी घातली. "आत धो धो बोलत होता, आणि कामावर यायचं म्हटलं तर तोंड उघडेना! ज्याला यायचंच नाही, त्याला ओढून आणू का मी?"

कवडूचं तोंड रिकामं होतं. तो चटकन उभा राहिला.

"मॅडम, मी आजपासूनच येऊ का?"