टेंभळ बेटाला पसंत पडलेला नवरा

टेंभळ बेट आपलं मत बदलतं, आणि कोणी नाही म्हटलं की किनाऱ्यापासून थोडं लांब सरकतं. आसपासच्या गावांना हे माहीत आहे. म्हणून तिथे होडीचं भाडं जाताना ठरत नाही, परत आल्यावर ठरतं.

मी आणि शर्वरी तिथे पळून लग्न करायला गेलो. आधी रजिस्टर ऑफिस ठरलं होतं. पण मला वाटलं, त्यात काय मजा, म्हणून आम्ही गोव्याची बस पकडली. बसमध्ये कोणीतरी टेंभळचा विषय काढला आणि मी मध्येच बेल मारून उतरलो. मागून शर्वरी उतरली. तिच्या घरच्यांनी पुण्यातल्या एका दातांच्या डॉक्टरशी बोलणी पक्की केली होती आणि त्याच संध्याकाळी साखरपुडा होता. म्हणजे लग्न आजच व्हायला हवं होतं.

गुरुनाथ तारी नावाच्या होडीवाल्याने आम्हाला नेलं. आमच्याच वयाचा होता. वाटेत त्याचं सगळं लक्ष पाण्याकडे होतं.

टेंभळवर धक्का नाही, वाळू नाही. सगळा काळा कातळ, त्यावर करवंदीच्या जाळ्या आणि शेळ्या. बेटाचा कारभार लतिकामावशी बघतात. आम्ही उतरलो तेव्हा त्या कोयतीने कालवं फोडत बसल्या होत्या. शेजारी आपटे गुरुजी होते. ते पूर्वी एका लग्नासाठी आले होते, पण बेट लांब गेलं आणि ते राहूनच गेले.

मावशींनी कातळावर हात ठेवला. थोडा वेळ ऐकलं.

"लग्न वर देवळात लागेल म्हणतंय बेट," त्या म्हणाल्या. "चढा."

आम्ही चढलो. पायवाट नव्हतीच. अर्ध्यावर शर्वरीच्या चपलेचा अंगठा तुटला. तेवढ्यात खालून मावशींची हाक आली की देवळाचं रद्द झालंय, खाली या. आम्ही उतरलो. मला हे आवडलं होतं. मी शर्वरीला म्हटलं, "बघ, कसलं भारी बेट आहे." ती तुटकी चप्पल हातात धरून एका पायावर उतरत होती.

खाली पोचल्यावर मावशींनी परत कातळाला हात लावला.

"नवरा बदललाय."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तुम्ही नाही. हा." त्यांनी कोयतीचं टोक गुरुनाथकडे केलं.

गुरुनाथ होडी बांधून तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "माझो काय संबंध? माका जाळी काढूक जावचा आसा."

"जाळ्यांचं मी बेटाला सांगते. तू हात धुऊन ये."

मी नाही म्हटलं. पायाखालून जातं फिरवल्यासारखा आवाज आला आणि किनाऱ्यावरचा मोबाइलचा टॉवर काडीएवढा झाला. मी परत नाही म्हटलं. टॉवर दिसेनासा झाला.

"मागे एक जण असाच अडून बसला होता," आपटे गुरुजी म्हणाले. "शेवटी मस्कतचे दिवे दिसायला लागले. मग ऐकलं त्याने. पण तोवर मुहूर्त गेला होता."

मी शर्वरीकडे वळलो. ती खडकावर बसून तळपायातला काटा काढत होती.

"अगं, तू तरी काहीतरी बोल."

"काय बोलू? रजिस्टर ऑफिस बदललंस तेव्हा मला विचारलंस? बसमधून उतरलास तेव्हा?"

"ती मजा होती शर्वरी."

"हो ना. मग ही बेटाची मजा."

काटा निघाला. तिने तो नीट बघितला आणि पाण्यात टाकला. मग गुरुनाथला विचारलं, "तुम्ही ठरलेलं बदलता का हो?"

गुरुनाथने विचार केला. "भरती बघून जावचा, ओहोटी बघून येवचा. बदलून कसा चलात?"

"मला चालेल," शर्वरी म्हणाली.

मला वाटलं ती भरती-ओहोटीबद्दल म्हणतेय. पण बेट थांबलं. सगळीकडे एकदम शांत झालं, आणि मावशी अक्षता भिजवायला गेल्या.

मी विचारलं, "मग माझं काय?"

"तुमचंही काम निघालंय," आपटे गुरुजी म्हणाले. "मुलीकडून कोणीतरी लागतं. पळून आलेल्या मुलीला इथे भाऊ कुठून आणायचा? तुम्ही रिकामेच आहात."

मी नाही म्हणणार होतो. पण किनारा आधीच फार लांब गेला होता आणि शर्वरी माझ्याकडे बघून म्हणाली, "उभा राहा ना. मला कोण आहे इथे?"

मी उभा राहिलो. एकीकडून मावशींनी अंतरपाट धरला, दुसरीकडून मी. मंगलाष्टकं गुरुजींना पाठ होती. सराव नसल्यामुळे त्यांनी एक कडवं दोनदा म्हटलं. होम पेटला, लाह्या पडल्या आणि कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा आणि काय हवं ते मागायचं.

मी कान धरला.

"जोरात पिळा, मेवण्यानू," गुरुनाथ म्हणाला. "माका काय होणा नाय."

मी जोरात पिळला. त्याला खरंच काही झालं नाही.

"मागा आता," गुरुजी म्हणाले.

"शर्वरी."

"बहिणीला मागत नाहीत," मावशी म्हणाल्या. रागाने नाही, समजावून सांगितल्यासारखं. "दुसरं काहीतरी मागा. विधी अडलाय."

मी गुरुनाथच्या अंगातलं लाइफ जॅकेट मागितलं. त्याने लगेच काढून दिलं. पाठवणीच्या वेळी शर्वरी माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडलो. आपटे गुरुजी मावशींना म्हणाले की भाड्याने आणलेले भाऊसुद्धा एवढं रडत नाहीत.

बेट पुन्हा किनाऱ्याजवळ सरकलं होतं. परत येताना होडीत मी पुढे बसलो, ते दोघं मागे.

उन्हाळ्यात शर्वरी आमच्या घरी आली. एकटी, सामान घेऊन. आईने दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "माहेरपणाला आलीस ना?" ती हो म्हणाली. पण दुपारी आई झोपल्यावर स्वयंपाकघरात तिने मला खरं सांगितलं.

"कंटाळा आला रे. रोज तेच. तीच वेळ, तेच जाळं, तेच सार. तो कधीच काही बदलत नाही."

"मग?"

"मग काय, आले." ती कपातल्या चहाकडे बघत होती. "आता इथून कुठेही जाता येईल. नाही का?"

मी स्टँडवरून आत्ता कुठल्या बसेस सुटतात ते आठवायला लागलो. मला सगळ्या आठवल्या. तेवढ्यात दारात चप्पल वाजली. गुरुनाथ सुरमई घेऊन आला होता. मला म्हणाला, "तुमच्या बहिणीक जरा समजवा. तुमचा ऐकात ती."

शर्वरीने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"दादा, काय करू?"

मी म्हटलं, संसारात असं व्हायचंच, जा.

आईने सुरमई तळली. भाऊजी पोटभर जेवले. मग शर्वरीची बॅग मी स्टँडपर्यंत उचलून नेली, खिडकीची जागा धरून दिली आणि बस सुटेपर्यंत थांबलो. भाऊ थांबतात तसा.