काठीचं पेन

सासरेबुवांनी काठी टेबलावर आडवी ठेवली आणि विचारलं, "डॉक्टर, हिचं एक पेन होईल का?"

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, या म्हाताऱ्या गृहस्थांचे जावई. मागच्या खोलीत एक छोटं लेथ मशीन आणून ते अलीकडे लाकडाची पेनं कातायला शिकत होते. लाकडाच्या वीतभर तुकड्याला लांबीतून भोक पाडायचं, त्यात पितळी नळी चिकटवायची, तुकडा मशीनवर गरगर फिरवत पटाशीने सोलून बारीक करायचा आणि आत रिफिल घालायची. ऐकायला एवढंच. "दिवसभर लोकांच्या दाढा कोरतो मी. लाकूड तर हूं की चूं करणार नाही," असं ते सुरुवातीला बायकोला म्हणाले होते. लाकडाने खरोखरच हूं की चूं केलं नाही. ते सरळ फुटायचं. आतापर्यंत एकच पेन धड उतरलं होतं, आणि ते इतकं जाडजूड होतं, की हातात धरल्यावर माणूस लिहायला बसलाय की कुणाला मारायला निघालाय, ते कळत नसे.

आणि काठी पाहताच डॉक्टरांना वाटलं, ही तर सासूबाईंची. त्या गेल्यापासून सासरे मुलीकडे राहायला आले होते, पण त्यांचं बोलणं जवळजवळ थांबलंच होतं. जेवायला चला म्हटलं की जेवायचे, फिरायला चला म्हटलं की गुडघ्याकडे बोट दाखवायचे. आज किती दिवसांनी ते आपणहून काही मागत होते. अशा माणसाला "माझा अजून हात बसला नाही" असं सांगायला डॉक्टरांची जीभ रेटेना.

"होईल की," ते म्हणाले. "झकास होईल."

"मग लिहीन म्हणतो काहीबाही," सासरे म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

डॉक्टरांनी काळजावर दगड ठेवून काठीला करवत लावली. पहिल्या तुकड्यात ड्रिल सरळ जायचं सोडून मध्येच वळलं आणि कुशीतून बाहेर आलं. दुसऱ्यात नळी निम्मी आत गेली आणि तिथेच डिंक वाळला. मग ती ना आत जाईना, ना बाहेर येईना. तिसरा तुकडा मात्र गुणी निघाला. छान गोल झाला, गुळगुळीत झाला. आता शेवटचा एक हात फिरवू म्हणून डॉक्टरांनी पटाशी टेकवली, तर ती अडकली आणि तुकड्याच्या ढलप्या भिंतीवर जाऊन आदळल्या. पुढचेही असेच गेले. शेवटी हातात काठीची वाकडी मूठ तेवढी उरली, आणि तिच्यातून सरळ भोक पाडणं कुणाच्याच बापाला शक्य नव्हतं.

डॉक्टर भुशात बसून राहिले. आत सासरे पुन्हा बोलायला लागले होते. "झालं का हो पेन?" एवढंच विचारायचे, पण रोज विचारायचे.

दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत एक जुनं स्टूल होतं. रंगाने अगदी काठीसारखं. दुपारी कुणी नसताना डॉक्टरांनी त्याच्या एका पायाचा वीतभर तुकडा कापला. स्टूल कलंडलं. मग ते सरळ करायला बाकीचे तिन्ही पाय तेवढेच कापावे लागले. दुसऱ्या दिवशी एक भारदस्त गृहस्थ सवयीने त्याच्यावर बसायला गेले आणि अपेक्षेपेक्षा बरेच खाली जाऊन पोचले. गुडघे कानाशी आले. त्यांना उठवायला दोघे लागले.

"डॉक्टर, हे स्टूल खाली कसं गेलं?" कामाला असलेल्या ताईंनी विचारलं.

"जुनं लाकूड आहे ताई. बसतं जरा."

चार पायांचे चार तुकडे हाती आले होते, म्हणून बरं. तीन फुटले. चौथ्याचं पेन झालं, आणि असं देखणं झालं, की ते आपण केलं यावर डॉक्टरांचाच विश्वास बसेना. पण आनंद काही होईना. पॉलिश करताना सारखं वाटत होतं, आपण म्हाताऱ्याच्या हातात स्टुलाचा पाय ठेवतोय.

सासऱ्यांनी पेन उजेडात फिरवून पाहिलं. कागदावर एक रेघ ओढली, दुसरी ओढली. मग खोलीत गेले आणि परत आले ते आणखी एक काठी घेऊन. तशीच तपकिरी, पण खालचं रबर एका बाजूने झिजलेलं.

"ही तिची," ते म्हणाले. "तुम्हाला दिली ती बाजारातून आणली होती. तुम्ही शिकाऊ. म्हटलं, आधी दुसऱ्या कशावर तरी हात बसू दे. रागावू नका. आता हिचं करा."

डॉक्टरांना आधी रागच आला. बाजारातल्या काठीपायी त्यांची झोप उडाली होती. मग समोर धरलेल्या काठीकडे लक्ष गेलं. हिचीही तीच गत होणार होती.

"बाबा," ते म्हणाले, "हे पेन काठीचं नाहीये."

"मग?"

"दवाखान्यातल्या स्टुलाचं आहे."

सासऱ्यांनी पेनाकडे पाहिलं. "आणि मी आणलेली काठी?"

"भुसा झाला. मूठ राहिलीये. देऊ?"

म्हातारबुवांचे खांदे हलू लागले. त्यांची मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. "काय बोललात तुम्ही बाबांना? रडतायत ते!" पण ते रडत नव्हते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते, आणि मध्येच थांबून म्हणत होते, "तिला सांगायला हवं होतं हे. तिला सांगायला हवं होतं."

हसू ओसरल्यावर त्यांनी पेन खिशाला लावलं. डॉक्टरांनी आज्ञाधारकपणे काठीकडे हात पुढे केला.

"छे," सासरे म्हणाले. "ही नाही मिळायची तुम्हाला."

आणि ती टेकतच ते खोलीकडे निघाले.

"बाबा, काय लिहिणार आता?" मुलीने विचारलं.

"तिलाच लिहितो," ते वळून न पाहता म्हणाले. "स्टुलापासून सुरुवात करतो."