नूडल जेवत नाही

कुणाल शिकायला अमेरिकेला गेला आणि त्याचा पाळीव साप दुबईजवळच्या अजमानमधल्या फ्लॅटमध्ये विद्युल्लताबाईंच्या गळ्यात पडला. नारिंगी, बिनविषारी, नाव नूडल. नवरा दूर वाळवंटात, रुवैस गावच्या तेलाच्या साइटवर, फक्त गुरुवारी घरी यायचा. बाकी आठवडाभर बाई आणि काचेच्या पेटीतला नूडल. बाईंना खरं तर सापाची किळस होती. पण घरात जेवायला वाढावं असं दुसरं कुणी उरलं नव्हतं. फ्रीजरमधला उंदीर कोमट पाण्यात सोडून त्या चिमट्याने नूडलला भरवू लागल्या, आणि भरवताना "सावकाश" असं म्हणूही लागल्या.

डिसेंबरात नूडलने तोंड फिरवलं.

दर शुक्रवारसारखा कुणालचा फोन आला. एरवी "हाय आई, ऑल गुड, बाय" एवढ्यात तो आटपायचा.

"नूडल जेवत नाही रे."

"सिन्स व्हेन?" कुणालने विचारलं, आणि फोनचं कार्ड संपेपर्यंत बोलत राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मग रोजच. हीटर लाव. पेटीवर चादर टाक. रॅट अजून गरम कर. बाई स्वयंपाकघरात उंदीर गरम करत असताना शेजारची साजिदा बिर्याणीची वाटी घेऊन आली. पातेल्यात डोकावली आणि वाटीसकट परत गेली. त्यानंतर ती आलीच नाही.

शेवटी बाईंनी नूडलला उशीच्या अभ्र्यात घातलं आणि शारजाच्या जनावरांच्या डॉक्टरकडे जायला टॅक्सी केली.

"बाजी, थैले में क्या है?" ड्रायव्हरने विचारलं.

"बीमार है. कुछ खाता नहीं."

"बच्चा है?"

"बच्चे का है."

अभ्रा हलला. ड्रायव्हरने टॅक्सी कडेला घेतली, खाली उतरला आणि म्हणाला, "खलास." उरलेली वाट बाईंनी पायी काटली.

डॉक्टरांनी नूडलला तपासलं, तोललं. "थंडीत असंच करतात हे. तब्येत उत्तम आहे. ऊन वाढलं की खाईल."

बाई हलक्या मनाने घरी आल्या तोच फोन वाजला.

"आई, डिड ही ईट?"

डॉक्टरांचं बोलणं ओठावर आलं होतं. ते सांगितलं की फोन पुन्हा शुक्रवार ते शुक्रवार.

"नाही रे," बाई म्हणाल्या. "चिंताच वाटते."

फेब्रुवारीत नूडल जेवला. दुसऱ्या खेपेला तर चिमटाच धरून बसला. फोनवर मात्र तो उपाशीच होता, आणि बाईंना रोज त्याला थोडं अधिक वाळवावं लागत होतं.

मार्चमध्ये कुणालच्या इथल्या शाळेतल्या वर्गातली उर्वी सहज भेटायला आली. नूडलला पाहून म्हणाली, "ही लुक्स सो फॅट, आंटी."

बाईंचा चेहरा उतरला. "कुणालला सांगू नकोस हं. त्याला वाटतंय, थंडीपासून खात नाही."

"बट ही नोज. विंटरमध्ये नूडल खातच नाही. लास्ट इयर कुणाल तुमच्यापासून लपवून रॅट फेकून द्यायचा. तुम्ही घाबराल म्हणून."

बाई चहा गाळता गाळता थांबल्या. पहिल्याच दिवशी त्याने किती काळजीने विचारलं होतं, "सिन्स व्हेन?"

उर्वी गेल्यावर फोन वाजला. पलीकडे कुणाचाही आवाज नव्हता. टीव्ही नाही, मित्र नाहीत.

"आई, डिड ही ईट?"

पेटीत नूडल उंदराएवढं पोट घेऊन पसरला होता.

"नाही रे," बाई म्हणाल्या. "शिवतसुद्धा नाही."

"ओह." कुणालने सुस्कारा सोडला. तो दुःखाचा नव्हता. "मग उद्या परत करतो फोन."

"कर," बाई म्हणाल्या. "आता सांग, तू काय जेवलास?"