नर, मध्यम वय, शांत

पिंजऱ्याची कडी बाहेरच्या बाजूला होती. जाळीतून बोट घातलं तर ते तिला जेमतेम टेकत होतं, पण ती वर उचलायला आणखी निम्मं पेर हवं होतं. घड्याळजींनी आधी उजव्या हाताचं मधलं बोट वापरून पाहिलं, मग डाव्या. दोन्हींची लांबी सारखीच निघाली. मग ते पालथ्या बादलीवर जाऊन बसले.

तसे ते आपल्या पायांनीच आत आले होते. प्राण्यांच्या त्या निवाऱ्याची रीतच तशी होती. जागा टीचभर आणि प्राणी उदंड; त्यात माणसांनी हौसेनं नेलेले प्राणी हौस फिटली की परत येत. तेव्हा निवारा चालवणाऱ्या मावशींनी कारभार उलटा केला. माणसानं पिंजऱ्यात बसायचं आणि प्राण्यानं पसंत करायचं.

“लग्नात दोन्हीकडची पसंती विचारतात ना? मग या मुक्या जिवांनीच काय घोडं मारलंय?” असं त्यांचं म्हणणं.

मांजर हवं होतं ते बाईंना. बाई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होत्या आणि एकदाच आलेल्या निकालावर विश्वास ठेवत नसत. घड्याळजींनी गेल्या हिवाळ्यात त्यांना लग्नाचं विचारलं, तेव्हा “विचार करून सांगते,” असं त्या म्हणाल्या होत्या. त्यानंतर त्यांनी घराला रंग दिला, अक्कलदाढ काढली, केस वाढवले आणि पुन्हा कापले. विचार चालूच होता. घड्याळजी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जात आणि तो विषय काढत नसत.

बाई पिंजऱ्यात बसल्या तेव्हा एका डोळ्याचं एक राखाडी मांजर सरळ येऊन त्यांच्या मांडीवर झोपलं. बाई श्वाससुद्धा जपून घेऊ लागल्या.

“तुमचं जमलं,” मावशी म्हणाल्या. “घरी आणखी कोण?”

“कुणी नाही. हे येऊन-जाऊन असतात.”

“येऊन-जाऊन म्हणजे कोण?”

बाईंनी घड्याळजींकडे पाहिलं. घड्याळजींनी जमिनीकडे पाहिलं.

“रोज येणारा माणूस मांजराच्या हिशेबी घरचाच,” मावशी म्हणाल्या. “बसा साहेब आत. त्यानं तुम्हाला पसंत केलं तरच ते बाईंना मिळेल.”

मांजरानं घड्याळजींना एका डोळ्यानं नीट न्याहाळलं, पाठ फिरवली आणि दारात उभ्या असलेल्या बाईंकडे परत गेलं.

“त्याचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा बघू,” बाई म्हणाल्या. त्यांनी मांजराला उचललं, दार ओढून कडी लावली, आणि तेवढ्यात बदकांचा टेम्पो आला.

कुणीतरी कुठलंसं तळं बुजवलं होतं आणि तिथली सगळी बदकं मावशींच्या दारात आणून सोडली होती. बघता बघता पिंजऱ्यांमधला बोळ पांढराशुभ्र झाला. बाई मांजराला काखोटीला मारून पाण्याची घमेली भरायला धावल्या.

“कुठलंही दार उघडू नका,” मावशींनी बजावलं. “एक बदक आत शिरलं की सगळी शिरतील.”

“मी बसतो,” घड्याळजी म्हणाले.

अशातच लोकांची यायची वेळ झाली. पाटी नसलेला पिंजरा लोक रिकामा समजून उघडतात, हा मावशींचा जुना अनुभव. त्यांनी खडू घेतला आणि घड्याळजींच्या दारावर पाटी अडकवली: ‘नर. मध्यम वय. शांत. चावत नाही.’

“शेवटचं कशावरून लिहिलंत?”

“चावतोस?”

“नाही.”

“मग झालं तर.”

साहेबांचा ‘तू’ कधी झाला हे गडबडीत दोघांनाही कळलं नाही.

पहिल्यांदा आले एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी. गृहस्थांनी पाटी वाचून विचारलं, “खातो काय?”

“असेल ते,” घड्याळजींनी खरं ते सांगितलं.

“ऐकलंस? असेल ते खातो,” गृहस्थ मुलीला म्हणाले. “शीक काहीतरी.”

“बाबा, पण हा बोलतो.”

“मग नको. बोलायला आपल्याकडे तुझी आत्या आहे.”

त्यांच्यामागून एक निवृत्त मुख्याध्यापिका काठीनं बदकं बाजूला सारत आल्या. त्यांनी पाटी वाचली, शुद्धलेखन तपासल्यासारखी पुन्हा वाचली.

“काम काय करतोस?”

“घड्याळं दुरुस्त करतो.”

“दात दाखव.”

घड्याळजींनी दात दाखवले.

“माझ्या घरात लंबकाची उंच घड्याळं आहेत. ओळीनं उभी आहेत आणि सगळी बंद.”

“साखळीची की किल्लीची?”

“किल्लीची. एकाची हरवलीय.”

“करता येईल,” घड्याळजी म्हणाले आणि बादलीवरून उठून जाळीपाशी आले. पलीकडे घमेलं भरणाऱ्या बाईंनी मान वर केली. हा आवाज त्यांनी चहाच्या वेळी कधी ऐकला नव्हता.

“मला हा चालेल,” मुख्याध्यापिका मावशींना म्हणाल्या. “आधी कुणी बघून ठेवलाय?”

“एक बाई बघून गेल्यात. पण अजून काही बोललेल्या नाहीत.”

“कधीपासून?”

“गेल्या हिवाळ्यापासून,” घड्याळजी म्हणाले.

मुख्याध्यापिकांनी चष्मा खाली ओढून त्यांच्याकडे पाहिलं. “एवढ्या वेळात आमची नापास मुलंसुद्धा पुढच्या वर्गात जायची.”

बाई बदकांमधून वाट काढत तिथे आल्या. मांजर त्यांच्या खांद्यावर घुरघुरत होतं.

“बरं झालं आलात,” मावशी म्हणाल्या. “यांना हा हवाय. तुमचीही अडचण मिटली. हा तिकडे गेला की तुमच्या घरी येणारं-जाणारं कुणी उरत नाही. मांजर आत्ताच्या आत्ता न्या.”

बाईंनी या तर्कातली चूक शोधून पाहिली. सापडली नाही. त्यांनी घड्याळजींकडे पाहिलं.

“तुमचं काय म्हणणं?”

“माझं म्हणणं सांगून झालंय,” ते जाळीमागून शांतपणे म्हणाले.

मुख्याध्यापिकांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. बाईंनी मांजराच्या नख्या एक-एक करून आपल्या ब्लाउजमधून सोडवल्या, त्याच्या कपाळावर क्षणभर हनुवटी टेकली, आणि त्याला मावशींच्या हातात दिलं.

“मांजर राहू दे,” त्या म्हणाल्या. “यांना मी नेते. कायमचं.”